एक गाव, एक तोंड

“जनाब, हमारे गांव में छींक तक नहीं,” असं पुढारी साहेबाला सांगत होता, आणि त्याच्या पाठीमागे पन्नास पावलांवर, आमच्या घरात, माझी मोठी जाऊ मंजुळा सकाळपासून उलट्या करून पिळलेल्या फडक्यासारखी झाली होती. डोळे आत गेले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. आवाज असा बसला होता की ती पाणी मागते की शिव्या देते, ते कळत नव्हतं. गावात पटकी होती. चार दिवसांत तीन माणसं जाळून झाली होती आणि चौकात बसलेल्या प्रत्येक पुरुषाला ते माहीत होतं.

साहेबाबरोबर जीपमध्ये डॉक्टर आला होता. त्याच्या मांडीवर सुयांची पेटी होती. साहेबाने विचारलंही होतं, स्वच्छ मराठीत, “कोणाला उलट्या-जुलाब होत आहेत का? लपवू नका, डॉक्टर बरोबर आणलेत.” पुरुषांनी माना खाली घातल्या. माझ्या नवऱ्याने घातली, मंजुळेच्या नवऱ्यानेही घातली. पुढारी थोडा थांबला, हसला आणि ते शिंकेचं बोलला.

मी दाराच्या फटीतून पाहत होते. साहेब पुढाऱ्याच्या खुर्चीवर बसला होता. त्या खुर्चीबद्दल मला सकाळपासून काहीतरी खटकत होतं, पण घरात एवढी घाण उपसायची होती की विचार करायला सवड नव्हती.

त्याला सगळं गाव पुढारी म्हणायचं. माझ्या सासऱ्यांचा तो मावसभाऊ, म्हणून तोंडावर मी मामाजी म्हणायचे, तेही पदर पुढे ओढून. इथे पुढारीच म्हणते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, वांकिडीच्या पुढे. कापूस, ज्वारी, थोडी तूर. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि उरलेलं हैदराबाद राज्यही आता मोडणार, अशी बोलवा होती. मराठी बोलणारे एकीकडे जाणार, तेलुगू बोलणारे दुसरीकडे. आमच्यासारख्या काठावरच्या गावांचं काय करायचं, ते ठरलं नव्हतं. माझं माहेर चांद्याकडचं, बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर, पण ते पहिल्यापासून दुसऱ्या राज्यात. तिथे मराठी शाळा होती म्हणून मी चौथी शिकले. सासरी शाळा होती ती उर्दू, आणि तीही नावाला. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा सगळ्या गावात मराठी लिहिता येणारी मी एकटीच निघाले. याचा मला काही फायदा झाला नाही. पुढाऱ्याला झाला.

पुढारी तरुणपणी हैदराबादला पळून गेला होता. तिथल्या कुठल्याशा दफ्तरात सतरा वर्षं चपराशी होता. सतरा वर्षं त्याने साहेब लोकांची दारं उघडली आणि लावली, आणि दाराशी उभं राहून साहेब कसं व्हायचं तेवढं शिकून घेतलं. राज्य बदललं, दफ्तर उठलं, तसा तो गावी परतला. बरोबर एक काळा कोट, एक घडीची खुर्ची आणि बायको होती.

कोट पुढून झकास होता. पाठीला मात्र मानेपासून कमरेपर्यंत उसवलेला, आणि तो तुळसामामीने, म्हणजे त्याच्या बायकोने, निळ्या-हिरव्या मिळेल त्या दोऱ्याने शिवलेला. म्हणून पुढारी कधी लोकांकडे पाठ करत नसे. बैठक संपली की तोंड लोकांकडे ठेवून, हात जोडून, मागे मागे चालत जायचा. लोक म्हणायचे, “काय अदब हाय पाह्य, हैदराबादची रीत हाय.” एकदा असाच मागे चालता चालता शेणाच्या खड्ड्यात बसला. बसल्या बसल्या हात तसेच जोडून म्हणाला, “मीटिंग बरखास्त.” कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे बैठक संपली की चार जण तरी मागे मागे चालत घरी जायला लागले.

हे पुरुषांचं झालं. आम्ही बाया दारामागे, ओट्यामागे, म्हणजे नेहमी त्याच्या पाठीकडे. गावाने त्याला पुढून पाहिलं, आम्ही मागून पाहिलं. कोणी काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नसे. डोळे मिटायचा, हनुवटी वर करायचा. पुरुषांना वाटायचं, केवढा खोल विचार करून राह्यला. आम्हाला पाठीमागे धरलेल्या हाताची बोटं दिसायची. अंगठा एकेका पेरावर टेकवत तो सात मोजायचा. सात झाले की बोलायचा. मोठे साहेब असेच थांबून बोलतात म्हणे. मोजताना विचार करत नसावा, कारण एकदा मोजणं चुकलं तेव्हा त्याने पहिल्यापासून मोजायला घेतलं, आणि विचारणारा सदाशिव तोवर घरी निघून गेला होता.

बोलायचाही अगदी हळू. “हळू बोललं का लोक वाकतात,” असं त्याने माझ्या सासऱ्यांना शिकवलं होतं. “जोरानं बोलनारा पाटील, हळू बोलनारा कलेक्टर.” लोक खरंच वाकायचे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून वाकायचे, पण दुरून पाहणाऱ्याला सगळं गाव त्याच्यापुढे झुकलंय असंच दिसायचं.

जमिनीवर तो कधीच बसत नसे. “साहेब खाली बसला का संपला. लोक त्याले वावरात निंदनीले बोलावतात.” आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलणं त्याहून वाईट, ते चपराशाचं काम. म्हणून खुर्ची तुळसामामी न्यायची. ठेंगणी बाई, बोलणं कमी. खुर्ची डोक्यावर घेऊन ती चार पावलं पुढे चालायची, जागा आली की खुर्ची उघडायची, पदराने पुसायची आणि मागे जाऊन उभी राहायची. काम आटोपलं की पुढारी न पाहता नुसता डावा हात मागे करायचा, म्हणजे खुर्ची उचल. बाजाराला, लग्नाला, मयताला, सगळीकडे असंच. आमच्या आजेसासूच्या चितेपाशी सगळे उकिडवे बसले होते आणि हा खुर्चीत. मी गावात आल्यापासून एक दिवसही त्याने ती खुर्ची स्वतः उचललेली मी पाहिली नव्हती. मामीच्या डोक्यावर मध्ये केस विरळ झाले होते. मी एकदा विचारलं, “मामी, जड नाई होत?”

“खुर्ची हलकीच हाय वं,” ती म्हणाली. “मानूस बसला म्हंजे जड होते.”

आता अशा माणसावर गावाने भरवसा काऊन ठेवला, असं कोणीही विचारील. मीही विचारत असे. त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण, फौज. निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत एक फौजी गाडी गावाशी आली. सगळं गाव ज्वारीत जाऊन लपलं. पुढारी नुकताच परतला होता, तो एकटा वेशीत खुर्ची टाकून बसला. लपायला गेला असता तर कोट मळला असता, असं मामी म्हणायची. गाडीतल्या माणसाने काही विचारलं, पुढाऱ्याने डोळे मिटले, मग हात करून काही सांगितलं आणि गाडी वळून निघून गेली. गाव ज्वारीतून पाहत होतं. एका माणसाने फौज परत फिरवली! त्यांनी आसिफाबादचा रस्ता विचारला होता. हे मामीने मला सांगितलं, ती मागेच उभी होती. पण तिला कोणी विचारलं नाही आणि पुढाऱ्याने सांगितलं नाही.

दुसरं कारण, बैल. त्याला गावातल्या प्रत्येक बैलाचं नाव पाठ होतं. माणूस भेटला की हात हातात घ्यायचा, डोळ्यांत पाहायचा आणि विचारायचा, “सखारामबुवा, राजा कसा हाय?” बैलाचं नाव घेतलं की माणूस आपला होतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. माझी सासूसुद्धा पाघळायची. फक्त उत्तर ऐकायची त्याला सवय नव्हती. सखारामबुवांचा राजा मेला.

“राजा कसा हाय?”

“मेला ना मामा, सोमवारी.”

“शाब्बास. जपा त्याले.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सखारामबुवांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, “मजेत हाय मामा. तुमची याद काढून राह्यला.” पुढारी खूश. आणि सांगायचं म्हणजे, सखारामबुवाही नंतर लोकांना कौतुकाने सांगत फिरले, “पाहा बाप्पा, माह्या मेल्या बैलाचं बी नाव ध्यानात हाय त्याच्या.” लोक असे असले की पुढारी व्हायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि मग चिठ्ठ्या. त्या मी लिहायचे. त्याला थोडं उर्दू वाचता यायचं, मराठी अजिबात नाही. दर बाजाराच्या आदल्या दिवशी तो आमच्या ओट्यावर खुर्ची टाकायचा आणि मी आतल्या बाजूने उंबऱ्याआड दौत घेऊन बसायचे.

“लिव. कलेक्टरसाहेबांस सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? माझी चांगली आहे.”

“मामाजी, ते तुमाले वळखतात काय?”

“वळखत नाई म्हनूनच लिवाचं. चार चिठ्ठ्या गेल्या का वळखाले लागतात.”

प्रत्येक चिठ्ठीत एक वाक्य ठरलेलं असे: ‘आमचं गाव निरोगी, एकोप्याचं आणि माझ्या शब्दाबाहेर न जाणारं आहे.’ लिहून झालं की तो कागद हातात घ्यायचा, बऱ्याचदा उलटा, आणि ओळी मोजायचा. “एक कमी हाय,” म्हणायचा. मी काहीतरी एक ओळ वाढवायचे. उत्तर कधी आलं नाही. शेती खात्याचं बियाण्याचं एक पत्रक एकदा त्याच्या नावाने आलं, तेच त्याने पाकिटासकट कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं, टोक बाहेर दिसेल असं. कोणी काही विचारलं की त्या टोकावर बोट आपटायचा. “वरून आलं हाय.” दोन वर्षांत ते टोक काळं झालं.

मग खरोखरच निरोप आला की साहेब येणार. काठावरची गावं पाहत, लोक काय बोलतात, कुठे जायचं म्हणतात, ते विचारत तो सगळीकडेच फिरत होता. पण पुढाऱ्याने सांगितलं, “माह्या चिठ्ठीनं आला,” आणि गावाने मान्य केलं. साहेब यायच्या आठ दिवस आधी त्याने चौकातल्या खंडोबापुढे सगळ्या पुरुषांना गोळा केलं. एक गाव, एक तोंड, असं त्याने ठरवलं होतं. तोंड अर्थात त्याचं. साहेबापुढे फक्त तो बोलणार, बाकीच्यांनी तीनदा मान हलवायची. प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाने बेलभंडार उचलला, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खंडोबाची शपथ घेतली. आमच्याकडे ती शपथ मोडत नाहीत. मोडली तर घर बसतं, असं मानतात. पाटलानेसुद्धा उचलला. मग मान हलवायचा सराव झाला. साहेबाच्या जागी बोरीच्या झाडाला पागोटं बांधलं होतं.

बायांना कोणी बोलावलं नाही. आम्ही मोजणीतच नव्हतो.

चार दिवसांनी पटकी आली. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, गढूळ झालेलं, त्यातून आली असणार, पण तेव्हा मरीआईचा कोप म्हणत. पहिलं माणूस गेलं तसं पुरुषांनी मरीआईचा गाडा सजवला आणि शिवेपलीकडे ढकलून आले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाने तो परत ढकलला. तिसरं माणूस गेलं तेव्हा माझे सासरे पुढाऱ्याला म्हणाले, “साहेबाले सांगून टाकू. डाक्टर तरी भेटन.”

पुढाऱ्याने सात मोजले.

“पटकीचं गाव म्हनलं का साहेब जीपच्या खाली उतरत नाई. नाक्यावरूनच वापस. मंग आपलं कोन आयकन? अन् दोन वर्षांपासून लिवून राह्यलो आपन, गाव निरोगी हाय म्हनून. माह्या शब्दाची किंमत काय राहीन?”

सासऱ्यांनी मान हलवली. तीनदा. सराव झाला होता.

तर साहेब आला तो असा. आल्याबरोबर मराठीत बोलायला लागला. नांदेडकडचा होता. आमचं गाव कोणती भाषा बोलतं, ते पाहायला आलेला माणूस, आणि आमचा पुढारी त्याच्याशी शेवटपर्यंत उर्दूत बोलला, कारण साहेबाशी मराठीत बोलणं त्याला हलकं वाटत होतं. “जनाब, यहां सब लोग मराठी बोलते हैं,” असं तो म्हणाला तेव्हा साहेबाने डॉक्टरकडे पाहिलं. सगळ्या गावाने तीनदा मान हलवली. एकानेही तोंड उघडलं नाही.

आणि मग ती शिंक.

मी दारातून आत वळले. सासू मंजुळेचे पाय चोळत होती.

“आत्याबाई, धरा खाट.”

“बस वं गुमान. मानसं पाहून घेतीन.”

“मानसं खाली पाहून राह्यले.”

सासू उठली. तिचं माझं पटत नव्हतं, आणि मंजुळेचं तर माझ्याशी अजिबातच नाही. चूल वेगळी करायच्या गोष्टी चालू होत्या. पण सासूने खाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी पायथा धरते. डोक्याकडून तू धर, उलटी तिकडूनच येते.”

आम्ही खाट उचलली आणि चौकात नेली. मी पदर पुढे घेतला नव्हता, दोन्ही हात खाटेत होते. साहेब आणि पुढारी यांच्या मधोमध नेऊन ती ठेवली. मी एक शब्द बोलले नाही. बोलायचं काय होतं? वास येत होता.

पुढाऱ्याला सात मोजायला वेळ मिळाला नाही. “जनाब, ये... ये मेहमान है,” तो म्हणाला. “बाहर गांव की है.”

मंजुळेने डोळे उघडले. “मेहमान तुही माय,” ती म्हणाली. बसलेल्या आवाजातही ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं. तेव्हा मला कळलं की सकाळपासून ती शिव्याच देत होती.

डॉक्टर उडी मारून उतरला. माझा नवरा धावत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “अवं, बेलभंडार उचलला होता ना गावानं!”

“तुमी उचलला. मले कोनं इचारलं?”

हे मी मोठ्याने बोलले. मुद्दामच बोलले. शेजारच्या दारात सखारामबुवांची सून उभी होती, तिने ऐकलं. ती आत गेली आणि तिच्या सासऱ्याला खाटेवरून ओढत घेऊन आली. मग एकेक दार उघडायला लागलं. पुरुष तसेच बसून होते, बाया खाटा आणत होत्या.

डॉक्टरने नाडी पाहून सांगितलं की दोघांना ताबडतोब तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, मंजुळेला आणि सखारामबुवांना. नसेतून मिठाचं पाणी चढवलं तर वाचतील. बाकीच्यांना तो इथेच औषध देणार होता. जीपच्या मागे तीन माणसं आडवी मावत होती. “अजून कोणी अत्यवस्थ आहे का?” त्याने विचारलं. “एकाची जागा आहे.” मग त्याने पुन्हा विचारलं, ओरडून. “एकाची जागा आहे!”

पुढारी माझ्यापुढे उभा होता, त्याची पाठ माझ्याकडे. अंगठा पेरांवर फिरत होता. मी पाहिलं, सात झाले. तो काही बोलला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मला वाटलं, पडलेली इज्जत सावरायला काय बोलावं ते शोधतोय. जीप निघून गेली.

डॉक्टर साहेबाबरोबर मागे राहिला. विहिरीत लाल औषध टाकायला माणसं लावली आणि सुया टोचायला बसला. पुढारी बाही वर करून रांगेत पहिला. गावाला धीर यावा म्हणून, असं म्हणाला. सुई टोचून झाली. साहेब विहीर पाहायला म्हणून खुर्चीतून उठला. पुढाऱ्याने सवयीने, न पाहता, डावा हात मागे केला.

खुर्ची उचलायला कोणी आलं नाही.

हात तसाच मागे राहिला. मग तो वाकला, खुर्ची मिटली आणि स्वतःच काखेत घेतली. आणि सकाळपासून मला काय खटकत होतं, ते तेव्हा कळलं. सकाळीही खुर्ची त्यानेच आणली होती.

मी त्याच्या समोर गेले. “मामाजी, मामी कुठी हाय?”

त्याने डोळे मिटले, हनुवटी वर केली. मी सातापर्यंत थांबले नाही.

त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. आत मामी जमिनीवर पडली होती. अंग थंडगार, बोटांच्या कातडीला सुरकुत्या, धोब्याच्या हाताला पडतात तशा. आदल्या संध्याकाळपासून चालू होतं. पाण्याचा तांब्या पालथा पडला होता. डॉक्टर माझ्या मागोमाग आला, त्याने मनगट धरलं, सोडलं, मानेला हात लावला. “जीप गेली तेव्हा का नाही सांगितलं?” तो माझ्यावर ओरडला.

मामीने मला ओळखलं. जवळ वाकले तेव्हा विचारलं, “खुर्ची पुसली काय वं कोनं? बोरीखाली लय धूळ असते.”

“पुसली,” मी म्हणाले. पुसली नव्हती.

जीप दिवस मावळायच्या वेळेला परत आली. त्याआधीच ती गेली होती. पुढारी दारात उभा होता, तोंड लोकांकडे करून.

महिना-दीड महिना झाला असेल, तो पुन्हा आमच्या ओट्यावर आला. खुर्ची आता चौकातच पडून असायची. मामी नाही आणि तो स्वतः उचलणार नाही, म्हणून उन्हापावसात तिथेच. शेळ्या चढून बसत. ओट्यावर तो उभाच राहिला.

“लिव. साहेबांस सप्रेम नमस्कार. मी वेळेवर दिलेल्या खबरेमुळे आपण डॉक्टर आणलात. त्यामुळे गाव वाचलं. गावकरी माझ्या शब्दात आहेत. माझी तब्येत चांगली आहे.”

मी लिहिलं. मी काय लिहिलं, ते मला अजून पाठ आहे. ‘साहेब, गावात पटकी आहे हे पुढाऱ्याला माहीत होतं. त्याची बायको तुळसाबाई बाहेरून कडी लावलेल्या घरात होती. डॉक्टर जागा आहे म्हणून दोनदा ओरडले. ती त्याच दिवशी मेली.’

त्याने कागद घेतला, ओळी मोजल्या. “एक कमी हाय.”

मी वाढवली. ‘हे पत्र त्याला वाचता येत नाही.’

या खेपेला उत्तर आलं. खरं पाकीट, खरा शिक्का, आत मराठीत हाताने लिहिलेलं पत्र. पुढाऱ्याने ते उघडलं नाही. चौकात सगळ्या गावाला बोलावलं, शेळीला हाकलून खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, “सूनबाई, वाच. जोरानं वाच.” हळू बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच जोराने वाच म्हटलं.

मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि जोराने वाचलं. साहेबाने लिहिलं होतं की तुमची पत्नी दवाखान्यात पोचली असती तर वाचू शकली असती, ती तुम्ही कडी लावून ठेवल्यामुळे गेली, हे आम्हाला कळलं आहे. रोग लपवणं हा गुन्हा आहे. यापुढे गावाच्या वतीने तुम्ही कुठल्याही कचेरीशी पत्रव्यवहार करू नये. खाली सही.

मला वाटलं, आता लोक उठतील. कोणी तरी थुंकेल, कोणी तरी खुर्ची उलटवेल. माझे सासरे पुढे झाले नाहीत, मंजुळेचा नवरा पुढे झाला नाही. पुढाऱ्याने डोळे मिटले होते. शेजारी उभी असल्यामुळे मला त्याचा हात दिसत होता. सात झाले.

“पाह्यलं?” तो हळू आवाजात म्हणाला. लोक वाकले. “साहेबानं स्वतःच्या हातानं लिवलं. कारकुनाच्या नाई. एवढ्या जिल्ह्यात कोनाले येते असं पत्र?”

सदाशिव उठला. मला वाटलं, हा बोलेल. त्याने माझ्या हातातलं पत्र घेतलं, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “शाई खरीच हाय बाप्पा.” मग दुसरा उठला सही पाहायला. मग तिसरा.

बियाण्याचं पत्रक गेलं आणि ते पत्र खिशात आलं, टोक बाहेर ठेवून. मरेपर्यंत तिथेच होतं.

पुढे राज्यं वेगळी झाली. आमच्या जवळची काही गावं पलीकडे, मराठीच्या बाजूला गेली, आम्ही राहिलो ते इकडेच, तेलुगूच्या बाजूला. सदाशिव म्हणायचा, पुढारी त्या दिवशी उर्दू बोलला म्हणून असं झालं. मला नाही वाटत. ज्यांनी रेघ ओढली त्यांनी आमच्याकडे कोण काय बोलतं ते ऐकलं असेल, असं काही दिसलं नाही. पुढारी म्हणायचा, “मी ठेवलं गाव इकडं.” पलीकडच्या बाजाराला गेला की म्हणायचा, “मी तर तिकडंच याले पाह्यत होतो.” दोन्हीकडे त्याला चहा मिळायचा. नवे साहेब तेलुगू बोलणारे आले. त्यांच्याशी हा उर्दूत बोलायचा, त्यांना कळायचं नाही, आणि गाव म्हणायचं, साहेबसुद्धा गप झाला पाह्य. मी त्यानंतर त्याची एकही चिठ्ठी लिहिली नाही. त्याला फरक पडला नाही. खिशातल्या एका पत्रावर त्याचं भागलं.

तो त्यानंतर बावीस वर्षं जगला. कोटासकट जाळला. तिरडीवरही पाठ खालीच होती.

मंजुळा पटकीतून वाचली, पुढे चाळीस वर्षं माझ्याशी भांडली. सखारामबुवा वाचले. सासू वाचली, मी वाचले. पुढारी वाचला. तुळसामामी वाचली नाही.